पहिलं पाणी टाकून द्या

नाही, पण मी विचारलं काय होतं? चहा धुवायचा की नाही, एवढंच विचारलं होतं हो मी! होय किंवा नाही, दोनांतलं एक उत्तर, संपला विषय. पण आमच्या घरात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं असतं तर मी आज तुमच्यासमोर अशी घसा फोडत उभी असते का?

बरं, हसू नका. चहा म्हणजे तुमचा-आमचा भुकटीचा चहा नव्हे. ऊलाँग. ऊ-लाँ-ग! आमच्या ऑफिसच्या मॅडमनी बाळ झाल्यावर भेट पाठवली, एवढीशी डबी. उघडली तर आत हिरवट काळ्या गोळ्या. सासूबाई म्हणाल्या, "मिरी कशाला पाठवली गं तिनं?" म्हटलं, आई, मिरी नाही, चहा आहे, पानं गुंडाळून वाळवलेली असतात. तर म्हणे, "बाळंतिणीला कोणी चहा देतं होय? डिंकबिंक काही द्यायचं." झालं! डबी फळीवर गेली ती आठ महिने तिथेच.

आणि गेल्या आठवड्यात मॅडमचा मेसेज आला. तुम्हाला आधी मॅडम सांगते, म्हणजे माझी धडधड कळेल. आमचं काम म्हणजे माहितीपुस्तिका लिहिणं. मिक्सर, कुकर, पंखे, इस्त्री, त्यांच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो ना, जो तुम्ही कोणी वाचत नाही, तो मी लिहिते. "झाकण नीट बसल्याची खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये," हे वाक्य माझं आहे. आणि मॅडम त्यातला शब्दन् शब्द तपासतात. एक शब्द जास्त झाला की लाल रेघ. स्वतः तर इतक्या मोजक्या, की त्यांचा मेसेज म्हणजे जुन्या काळची तारच!

आता माझी रजा संपत आलीय. बाळ माझ्याशिवाय कोणाच्या हातून एक घोट घेत नाही, बाटली दिसली की तोंड असं फिरवतं, जणू मी उसने पैसे मागतेय. म्हणून मी अर्ज केलाय, की बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू द्या. नाही मिळालं तर नोकरी सोडायची, दुसरा मार्ग नाही. आणि त्या अर्जात मी, माझ्याच हाताने, लिहून बसलेय… "मी स्वतंत्रपणे निर्णय घेऊन काम करू शकते."

आणि मेसेज काय? "रविवारी चारला येते. अर्जाचं बोलू. तो चहाच करा. पहिलं पाणी टाकून द्या."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. पहिलं पाणी टाकून द्या. म्हणजे पहिलं पाणी ओतून फेकून द्या? का पहिलं पाणी त्यात टाकून मला प्यायला द्या? सांगा ना! "टाकून द्या"! कचरा पण टाकून देतो आणि आमटीत तूप पण टाकून देतो! आणि मॅडमना उलट विचारायची सोय नाही, कारण स्वतंत्र निर्णय! जी बाई चार शब्दांची सूचना समजून घेऊ शकत नाही, ती घरी बसून चाळीस पानांची काय लिहिणार?

म्हणून मी सासूबाईंना विचारलं. चुकलंच माझं.

"चहा धुवायचा? अगं, तू तांदूळ धुतेस, डाळ धुतेस, भाजी तीनदा धुतेस, त्या पोराची रबरी बदकं उकळून काढतेस, परवा साबणाची वडी धूत होतीस मी पाहिलंय! आता चहा राहिला होता. उद्या साखर धुशील!"

साबण खाली पडला होता हो. पण ते जाऊ दे… खरं सांगू? आतून मलाही वाटत होतं, की धुवायची ऊर्मी त्या मेसेजमुळे आहे का माझ्यामुळे? डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, "अहो आई, सगळंच निर्जंतुक करू नका, स्वतः थोडं झोपा." तेव्हापासून माझा माझ्यावरच भरवसा नाही. हात धुवायला गेले तरी वाटतं, हे गरजेचं आहे का माझं आपलं नेहमीचं?

मग नवऱ्याला विचारलं. त्याला काही विचारलं की तो आधी चष्मा पुसतो. "अगं, मी वाचलं. यात दोन पंथ आहेत." पंथ! "एक म्हणतो, दहा सेकंद पाणी घालायचं आणि फेकायचं, धूळ जाते. दुसरा म्हणतो, पहिलं पाणी फेकलं तर उत्तम वास फेकला." म्हटलं, मग आपण कुठल्या पंथाचे? "थांब ना. तिसराही एक आहे. ते म्हणतात, धुवायचं नसतंच ते. गुंडाळलेली पानं झोपलेली असतात, पहिल्या पाण्यानं त्यांना फक्त जागं करायचं."

जागं? अरे, आठ महिन्यांत या घरात मी एकच गोष्ट शिकलेय, झोपलेल्याला उठवायचं नाही!

"तसं बघितलं तर परिस्थितीवर अवलंबून आहे," म्हणाला. हे त्याचं लग्नापासूनचं वाक्य आहे. आणि मी विचारलं काय होतं? चहा धुवायचा की नाही, एवढंच!

शेवटी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात फोन केला. तो माणूस भारी आत्मविश्वासानं बोलतो. "ताई, सोप्पं आहे. स्वस्तातला असेल तर धुवा, महागातला असेल तर अजिबात नको." हुश्श. मग म्हटलं, हा कुठला हो? "ते देणाऱ्यालाच विचारा की!" म्हणजे मी मॅडमना फोन करून म्हणायचं, मॅडम, तुम्ही दिलेली भेट हलकी आहे का हो?

रविवार उजाडला. चारला येणार म्हणाल्या होत्या, पावणेचारलाच दारात! बाळ नुकतं झोपलेलं, बेल वाजली, उठलं. नवरा मॅडमना म्हणतोय, "या या, ही आतच आहे, चहाचं बघतेय," आणि मी ओट्याशी, कडेवर बाळ, एका हातात उकळतं पाणी लांब धरलेलं, समोर त्या गोळ्या… आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी मी स्वतंत्र निर्णय घेतला. दोन्ही करायचे! एका किटलीतली पानं धुवायची, दुसरीतली नाही. मॅडमचा चेहरा बघायचा आणि त्याप्रमाणे कप पुढे करायचा. आहे की नाही डोकं?

पानं धुतलेलं पाणी वाटीत ओतलं. दोन कप भरले, डावा धुतलेला, उजवा न धुतलेला. तेवढ्यात बाळानं लंगोट ओला केला. आत गेले, बदलून आले, हात धुतले (दोनदा), येऊन बघते तर ट्रे बाहेर गेलेला! "अगं, पाहुण्यांना किती ताटकळत ठेवायचं?" सासूबाई. "आई, डावा कप कुठे ठेवलात?" तर म्हणतात, "कपाला डावं-उजवं असतं होय? चप्पल आहे का ती?"

बाहेर गेले. मॅडमच्या हातात एक कप, नवऱ्याच्या हातात दुसरा. मॅडमनी घोट घेतला, कप खाली ठेवला. अर्ज पर्समधून काढून मांडीवर ठेवलेला मला दिसत होता. म्हणाल्या, "पहिलं पाणी टाकून दिलं होतंत ना?"

आता काय सांगायचं? मी म्हटलं, "हो." कारण दोन्ही अर्थांनी हो!

"मग एवढा कडवट कसा?"

आणि माझ्या आत काय तुटलं देव जाणे, आठ महिन्यांची झोप म्हणा, बाळानं ओढलेले केस म्हणा… मी म्हटलं, "कारण तुमचं वाक्यच चुकलंय, मॅडम!"

नवऱ्यानं चष्मा काढला. पुसायलाही विसरला.

"'टाकून द्या' याचे दोन अर्थ होतात! मिक्सरच्या कागदात मी असं लिहिलं असतं तर तुम्ही पान फाडलं असतं! चार दिवस तिघांना विचारतेय मी, फक्त तुमच्या त्या एका शब्दासाठी!"

मॅडमनी पेन काढलं. मला वाटलं, गेली नोकरी. "मग कसं लिहायचं?" म्हणाल्या.

मी बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "पानांवर प्रथम ओतलेले पाणी दहा सेकंदांनी फेकावे. ते पिऊ नये."

"'पिऊ नये' कशाला? शब्द वाया. फेकलेलं कोण पिणार?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई आल्या, हातात ती वाटी, वाटीत ते पहिलं पाणी, वर दूध, साखर, सगळं साग्रसंगीत. भुरका मारून म्हणाल्या, "टाकायचं कशाला गं? बरा लागतोय की!"

मॅडमनी वाटीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "'पिऊ नये' राहू दे," म्हणाल्या, आणि अर्जावर सही केली. "मंगळ, बुध, गुरू. घरून."

मला रडूच आलं हो. खरंच. दार लावून वळले, बाळाचा मुका घेतला, आनंदानं सासूबाईंना म्हटलं, आई, तीन दिवस घरून काम मिळालं!

त्यांचाही चेहरा उजळला. "बाई गं! म्हणजे मंगळ, बुध, गुरू तू घरीच, रिकामी? बरं झालं. गॅसवाला, प्लंबर, गादीवाला, सगळ्यांना मंगळवारी यायला सांगते."