रहीमचाचांचा तळहात

अरे, कार्बोरेटर ट्यून करावा तो आमच्या धुळ्याच्या रहीमचाचांनीच! माझी जुनी मोटरसायकल सारखी झटके देऊन बंद पडायची. दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला परीक्षेसाठी भडगावला सोडायचं होतं.

मी म्हटलं, "चाचा, आवाज ऐका ना जरा!"

शेजारचा पानवाला म्हणाला, "भाऊ, त्यांना ऐकू येत नाही."

माझा धीरच सुटला. चाचांनी मात्र टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि स्क्रू हळूहळू फिरवला. इंजिन एका लयीत चालू लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी न अडखळता भडगावला पोचली. पण लक्षात राहिलं ते आदल्या दिवशी स्क्रू फिरवून झाल्यावरचं चाचांचं विचारणं, "हाताला तर बरी लागते, बेटा. आवाज कसा येतोय, तेवढं तू सांग."