पावसातच या, मिस्तरी

—नाही, नाही, गाडी गोठ्यात ढकलायची नाही, मिस्तरी. असू द्या तशीच अंगणात. बघा ना कसा लागलाय — कालपासून जोर नाही, पण उसंतही नाही, सातपुडा सकाळपासून दिसलेला नाही, कापसाच्या सरीत पाणी उभं, चुलीजवळची काडीपेटीसुद्धा सादळली. असाच पाऊस मला पाहिजे होता. म्हणून तर फोनवर सांगितलं, उघडीप असली तर येऊ नका. तुम्ही हसले. हसा हो, सगळेच हसतात — पण ताप अंगात असतानाच डॉक्टरला दाखवावं लागतं ना, तसंच हे. हे गोणपाट घ्या डोक्यावर. कोरडं आहे.

तुम्ही नाशिककडचे, म्हणून तुमच्यासारखं बोलायला बघतो. शाळेत काही गेलो नाही, चुकलं तर समजून घ्या. तर गाडीचं असं आहे — उन्हात तिला काहीच नसतं. शहाद्याला दाखवली, दोन जागी दाखवली, ऊन पडलेलं होतं, किल्ली फिरवली की सुरू. बाबा, गाडी ठणठणीत आहे म्हणे, तुम्हीच थकले. आणि पाऊस लागला की ही मुकी. म्हणजे अगदी मुकी नाही — सेल्फ फिरतो, घर्र घर्र करते, मधूनच एक ठोका देते, वाटतं आता धरली, आता धरली — आणि सोडते. तो ठोकाच वाईट, मिस्तरी. तो नसता तर माणूस नाद सोडून तरी देतो. बसा आत, मारा किल्ली… ऐकलं? हेच. अगदी हेच.

कशासाठी एवढं? विकायची नाही हो. मला चालवताही येत नाही. मला फक्त दोष कळायला पाहिजे — माझ्या मुलाला सांगायला, नवनीतला. तो सुरतला असतो, कापडाच्या कारखान्यात. गाडी त्याचीच, जुनी घेतलेली, आईला तीत बसवून मिरवायची हौस. गेल्या श्रावणात सकाळी चहा गाळता गाळता तिच्या छातीत कळ आली. असाच पाऊस. ॲम्ब्युलन्स लांबून यायची होती, म्हणून तिला मागच्या सीटवर निजवलं, वर घोंगडी टाकली, आणि हा किल्ली मारत बसला. गाडी अंगणातून हललीच नाही. ती गेली त्याच सीटवर. तेव्हापासून तो म्हणतो, माझाच हात चुकला, घाबरलो, घाईघाईने किल्ली मारत राहिलो म्हणून इंजिनाने घेतलं नाही. दिवाळीला आला नाही. फोनवर विचारतो, जेवले का — मी म्हणतो जेवलो — झालं बोलणं. म्हणून म्हटलं, जाणत्या माणसाने पावसात बघावं आणि त्याला सांगावं, की बाबा रे, दोष यंत्राचा होता, तुझ्या हाताचा नव्हता. माझं तो ऐकत नाही. बाप काय, समजूतच काढणार.

काय? तुम्ही किल्ली मारता तेव्हा मी बोनेटखाली बघू? कुठं — थांबा, चष्मा पुसू द्या… हां. हां, दिसली. निळी ठिणगी. वायरीतून बाहेरच उडते आहे की! वायर तडकलेली, तड्यात ओल धरते, म्हणून करंट प्लगपर्यंत पोचतच नाही — असंच ना? आणि उन्हात तडा कोरडा, म्हणून कोणाला सापडला नाही. एवढासा? केसाएवढा… पुसा, पुसा, हे फडकं घ्या. आता मारा —

झाली. अहो, झाली सुरू. नुसत्या फडक्याने.

राहू द्या चालू. थोडं ऐकू द्या मला.

म्हणजे त्याचा हात नव्हता. मी म्हणतच होतो. लावा, लावा त्याला फोन, तुमच्या तोंडाने सांगा — काय? किती वेळ मारत होता? पुष्कळ वेळ. घाईघाईने नाही, मीच म्हणत होतो — थांब, घाई करू नको, इंजिनाला दम घेऊ दे, मग परत मार. माझा स्वभावच सावकाश. ती पण मागून म्हणाली, पोऱ्याला ओरडू नका. दुसरी गाडी? नाही — म्हणजे होती. शेजारी भिलाची पिकअप, या भिंतीपलीकडेच. नवनीत उठलाही होता, भिलाकाकाला उठवतो म्हणाला, पार दारापर्यंत गेला — मीच हात धरला त्याचा. पिकअपमध्ये पपई भरलेली, गवत घालून, ताडपत्री आवळून, व्यापारी वाट बघत असणार. म्हटलं, दुसऱ्याचा भरलेला माल चिखलात उतरवायला कसा लावायचा, आणि आपली तर धरतेच आहे, आता धरते —

हे तो कोणाला बोलला नाही. मलाही नाही. नुसतं म्हणतो, माझा हात चुकला.

नको. फोन नका लावू, मिस्तरी. ते तुमचं सांगणं नाही. बंद करा ती, बोनेट खाली घ्या, आणि निघा तुम्ही — नाल्याला पाणी येईल. भिला काही वाईट माणूस नाही. त्या दिवशी मसणातून परत येताना माझ्याच बाजूने चालत होता, छत्री माझ्यावर धरून, स्वतः भिजत. वळण आलं. मग म्हणाला, “नाना, मन्ही गाडी दारमाच उभी व्हती. पपई काय, रस्तावर फेकी देतू मी. एक हाक ते मारनी व्हती.”