सर्व्हरवरची हिरवी पुडी

—खाल्लीस? सगळी? अगं वान-रोंग, ती खायची नसते! सर्व्हरच्या डोक्यावर ठेवलेली पुडी कुणी खातं का? भूक लागली होती तर खाली नूडल्स मिळतात की! हसू नकोस. महिना झाला तुला इथं चिप डिझाइन शिकायला येऊन, विद्यापीठात पहिली आलीस म्हणे, आणि एवढं कुणी शिकवलं नाही? ग्वाय-ग्वायचा खाऊ, नावाचा अर्थच 'गुणी बाळ' — हिरवीच पुडी, खोबऱ्याच्या चवीची, मुदत न संपलेली — ती वर असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. अख्ख्या शिनचू शहरात बघ, बँकेत बघ, इस्पितळात बघ. आणि तू ती चहाबरोबर... आता बघ पडद्यावर. लाल! सकाळी सगळं हिरवंगार होतं, पाच वाजता चिपचा नकाशा कारखान्यात जायचाय, एकदा साचे बनले की खोडरबर नाही — आणि आता लालच लाल.

पुडीमुळे नाही? मग कशामुळे? बस, बस इथं. पहिल्यापासून सांगतो. चिपनं काय करायचं ते आपण लिहून देतो. सॉफ्टवेअर त्याची सर्किटं बनवतं, जागेवर बसवतं, तारा जोडतं, आणि मग तेच तपासतं — निरोप या टोकाकडून त्या टोकाला वेळेत पोचतो की नाही. पोचला तर हिरवं, उशीर झाला तर लाल. मग आपण काय करायचं? आपण बटण दाबायचं आणि जेवायला जायचं. यालाच अनुभव म्हणतात. आणि सॉफ्टवेअरला हे सगळं सांगणारी जी स्क्रिप्ट आहे ना, ती मला शू दादांनी दिली, त्यांना त्यांच्या वरच्यांनी. विरजणासारखी, या घरातून त्या घरात. आपल्याकडे स्क्रिप्ट वाचत नाहीत, कॉपी करतात.

तू वाचलीस? कुणी सांगितलं होतं? ओळ काढून टाकलीस? कुठली — दाखव. 'बॅटरी उतरलेली असतानाची तपासणी वगळा.' हं. आणि पुढे शू दादांची टीप — तात्पुरतं, नंतर काढणे. मग बरोबर आहे की! काढणारच होते ते. निवृत्त झाले, राहून गेलं. म्हणजे तुझं म्हणणं, पुडी फोडायच्या आधीच लाल होतं? आणि मागची चिप पण याच स्क्रिप्टनं — मागच्या चिपचं नाव काढू नकोस. उत्तम चिप आहे ती. तक्रारी आल्या, हो, आल्या, पण त्याचं कारण सापडलं होतं — सफाईच्या फान काकूंनी हिरवीऐवजी पिवळी पुडी ठेवली होती. रीतसर बैठक झाली, काकूंची तळमजल्यावर बदली झाली, सगळ्या विभागाला पटलं. सगळे इंजिनियर हं, एकाहून एक शिकलेले.

काय मघापासून रक्तदाबाचं यंत्र, रक्तदाबाचं यंत्र! घरात वापरायची वस्तू आहे, क्षेपणास्त्र नाही. माझी स्वतःची आई वापरते, गावी, म्याओलीला. आपलीच मागची चिप आहे त्यात, मी मिरवत नेऊन दिलं, शेजारणींना बोलावून दाखवलं. रोज फोन असतो तिचा — बाळा, यंत्र म्हणतं सगळं ठीक, आणि मला तर गरगरतंय. म्हटलं, आई, तू हात हलवत असशील. हलवतेच ती, गप्प कुठे बसते! मग गोळीचं काय करू, विचारते. म्हटलं, आकडा चांगला आहे ना, मग कशाला घेतेस, राहू दे आज. परवा म्हणाली, कोपऱ्यात कसलासा दिवा लुकलुकतोय. म्हटलं, काही नाही, बॅटरी उतरत आलीय, चालेल अजून, आणि वर मी ठेवलेली छोटी हिरवी पुडी आहे ना, ती तेवढी हलवू...

अशी काय बघतेस?

ती ओळ परत टाक. टाक म्हणतो ना! साहेब दोनदा डोकावून गेलेत, या चिपवर माझी बढती अडलीय — हाताची घडी काय घातलीस? बरं, राहू दे, मीच टाकतो. ही टाकली. हे बटण. बघ — हिरवं! सगळं हिरवं! पुडी नाही, काही नाही, तरी हिरवं. आता फक्त 'पाठवा' दाबायचं. एवढंच. नुसतं दाबायचं...

तू जा. चहा पिऊन ये. झालाय का पिऊन? मग परत पी. साहेब भेटले तर — नको, काही सांगू नकोस, मी बघतो. तो पुडीचा रिकामा कागद घेऊन जा माझ्या डोळ्यांपुढून. आणि दार ओढून घे.

हॅलो? आई? ऐक, ते यंत्र काढ हातातलं. काढ आधी. गोळी घे आणि डॉक्टरकडे जा, आत्ताच, शेजारणीला बरोबर ने. नाही गं, ओरडत नाहीये मी. आकडा असू दे चांगला... नाही, आई. तू हलली नव्हतीस.