जांभळ्या फुलांचं विसर्जन

मंडळी, ऐका! पेटीवाले, सूर जरा थांबवा. आज एकच विचारायचंय — भाव अगदी शुद्ध होता, हात देवासाठीच जोडले होते, आणि तरी एका माणसाचा संसार बुडाला. दोष कुणाचा? भावाचा? की देवाचा?

माना हलवू नका एवढ्यात! आधी गोष्ट ऐका.

झाडीपट्टीतलं पळसटोला गाव. वर टेकाडावर महादेवाचं देऊळ, देवळापुढे कुंड. पलीकडे खाली मोठा तलाव — आणि त्या तलावातल्या मासळीवर पोट असलेला सुकरू ढिवर. डोंगी, जाळं आणि बायको जाईबाई, एवढंच त्याचं राज्य.

त्या कुंडात आली जलपर्णी. कुणी आणली, देव जाणे! जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर मोरपिसाचा डोळा. बायका हरखल्या! रोज पिंडीवर तीच फुलं. अहो, पाहुणे येतात, जेवतात, जातात. ही पाहुणी जेवली आणि कुंडभर पाय पसरून बसली!

मग आल्या अनघाताई टेंभरे. शिकलेल्या बाई. बाहेरून आलेली झाडं उद्या कुठवर पसरतील, ते आजच नकाशात रंगवायचं, हे त्यांचं काम. सुकरूच्या डोंगीतून तलावभर फिरल्या. वारा पाहिला, उतार पाहिला, पूर कुठून येतो ते पाहिलं. सभामंडपात नकाशा अंथरला. जलपर्णी जाणार तिथं लाल रंग. कुंड लालभडक!

सुकरूनं भीत भीत विचारलं, "बाई, माह्या तलावात येईल का जी?"

"नाही हो, सुकरूभाऊ. मधे टेकाडाचा माथा आहे, कुंडाचं पाणी तुमच्याकडे उतरतच नाही. तलाव पांढरा आहे बघा. कुंडातली तेवढी काढून टाका."

सुकरूचा जीव भांड्यात पडला.

ताई गेल्या. श्रावणाच्या तोंडावर गाव कामाला लागलं. माणसांनी छातीभर पाण्यात उतरून कुंड निर्मळ केलं! काठावर हा ढीग! कुणीतरी म्हणालं, "उकिरड्यावर टाका."

पुजारी मनोहरपंत कडाडले, "शिव शिव! पिंडीवर चढणारं फूल उकिरड्यावर? निर्माल्य आहे ते — पाण्यातच सोडायचं!"

आणि पळसटोल्याचं निर्माल्य कुठं सुटतं? ...तलावात!

तुमच्या अंगावर काटा आला ना? तिथं कुणाच्याच आला नाही हो! झांजा वाजल्या, गुलाल उधळला, बैलगाड्या निघाल्या. मधल्या खोल पाण्यापर्यंत न्यायला डोंगी कुणाची? सुकरूची! जाईबाई म्हणाली, "अवो, पन हे तं तेच झाड ना?"

"बाईनं सांगतलं ना, आपल्या तलावात येत नाही म्हनून!"

आणि त्यानं स्वतःच्या हातानं, नमस्कार करून, एकेक भारा पाण्यात सोडला.

पुढचा पावसाळा सरेपर्यंत तलाव दिसेना. नुसतं हिरवं रान! जाळं टाकावं तर वरच अडकतं. खाली मासे गुदमरले. नवराबायको उपसत राहिली, आणि उपसलेली जागा पुन्हा भरत राहिली.

अनघाताई परत आल्या. तलावाच्या पाळीवर, बांधावर उभ्या राहिल्या. "इथं कशी आली?"

मनोहरपंत पुढे झाले. म्हणाले, "आम्ही आणली, ताई. वाजतगाजत."

ताई म्हणाल्या, "वारा हिशेबात धरला, उतार धरला, पूरही धरला. पण काढलेलं फूल तुम्ही नेता कुठं, एवढं विचारायचं मला सुचलं नाही."

सुकरू रागावला? नाही! रागावला असता तर बरं झालं असतं, मंडळी. त्यानं जाळं धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि पिंडीपुढे आणून ठेवलं. "महाराज, देवाला वाह्यलं. आता माह्या कामाचं नाही."

मनोहरपंत त्या जाळ्याकडे बघत राहिले. देवाला वाहिलेलं — म्हणजे उद्याचं निर्माल्य. सोडायचं कुठं? पाणी उरलंय कुठं? अजून ते जाळं देवळातल्या खुंटीला आहे. येता-जाता पंतांची मान खाली जाते.

काय चुकलं हो त्यांचं? फूल देवापर्यंत नीट पोचवलं. देवापुढून ते कुणाच्या दारात जातं, ते बघितलं नाही. वाईट वाटतं, मंडळी. फार वाईट वाटतं.

आता माझ्याकडे बघा. मघाशी हा हार तुम्ही माझ्या गळ्यात घातलात. प्रेमानं घातलात! हा काढला, हा चौरंगावर ठेवला. सकाळी कोण उचलणार? आणि कुठं नेणार?

थांबा! झांजा खाली ठेवा. गजर नंतर. आधी मला उत्तर हवंय.