द्राक्षांच्या डोंगरावर साबणवाला

...आणि आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मग, कसा होता निसर्ग?" अहो, छान होता! समोर समुद्र, मागे डोंगर, डोंगरावर जंगल, आणि मधल्या उतारावर बघावं तिकडे द्राक्षांच्या वेली, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या रांगेत... निसर्ग छान आहे, नाही म्हणत नाही मी! पण मी काय निसर्ग बघायला गेलो होतो? तुम्हाला सांगतो, या वयात, गुडघे धरून, विमानात अंग आंबवून माणूस जातो तो काय झाडं बघायला? झाडं इथे नाहीत? मी गेलो होतो माझ्या पोरीला घरी आणायला. घ्या, सांगून टाकलं.

एकुलती एक हो! दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे म्हणून परदेशी गेली, वाइन कशी करतात त्याचा. "बाबा, दोन वर्षं म्हणजे काय, अशी जातील!" गेली की! ती दोन गेली, त्यांच्या मागून आणखी चार गेली, पोरगी तिथेच. आता तिथल्या एका मळ्यावर ती वाइन चाखते. म्हणजे काय, तर दिवसभर ग्लासात नाक घालून बसायचं! लोक विचारतात, मुलगी काय करते? काय सांगू... वास घेते?

तर आमच्या हिने, हिला प्रवास झेपत नाही म्हणून ही घरीच, पोरीच्या खोलीला नवा रंग काढला, पडदे बदलले, गादीला ऊन दाखवलं आणि दारात मला बजावलं, "एकटे परत आलात तर बघा!" आणि मी तरी काय तसाच गेलो होतो? साबणाच्या कारखान्यात जन्म गेला माझा. मोठ्या साहेबांना भेटून आलो. साहेब म्हणाले, "आणा हो मुलीला, सुगंध विभागात खुर्ची रिकामीच आहे." खुर्ची रिकामी, खोली तयार, आई दारात! नाही म्हणायला जागा कुठे होती सांगा?

पण तो रस्ता! समुद्राच्या कडेने जो डोंगर चढायला लागतो... सापासारखा म्हणतात ना? अहो, साप बरा, तो मेल्यावर तरी सरळ होतो! पोरगी एका हाताने गाडी चालवतेय, दुसऱ्याने मला दाखवतेय, "बाबा, ते धुकं बघा, समुद्रावरून वर येतंय ना, त्याच्यामुळेच आमची द्राक्षं सावकाश पिकतात." आमची! ऐकलंत? आमची द्राक्षं! पोटात असं ढवळून आलं... मला वाटलं वळणांमुळे. गाडी थांबवायला लावली, उतरलो, आणि लोक लांबून लांबून जो देखावा बघायला येतात त्याच्याकडे पाठ करून... जाऊ दे. निसर्ग छान आहे, नाही म्हणत नाही.

संध्याकाळी हिचा फोन. "विचारलंत?" म्हटलं, अगं, आत्ता तर पोचलोय, संधी बघून विचारतो. "संधी कसली बघताय, मुलगी आहे ती तुमची!"

दुसऱ्या दिवशी मला तिचं काम बघायचं होतं. लेकीच्या कचेरीत जायचं, तर बापाने नीट नको जायला? मी सूटकेस उघडली. आमच्या कारखान्याचा खास साबण काढला, चंदन आणि मोगरा, दोन वेळा अंगाला चोळला, वर त्याच जातीची पावडर, रुमालावर अत्तर... असा घमघमत त्यांच्या चाखायच्या खोलीत शिरलो. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, ओळीने ग्लास, आणि ग्लासांत नाकं. मी आत पाऊल टाकलं आणि सगळी नाकं वर! मालकीणबाई म्हणजे काटकुळी म्हातारी, तिने एकदा हवेत हुंगलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पोरीच्या कानात काहीतरी कुजबुजली. पोरगी आली, लालबुंद झालेली. "बाबा... आज कुठला साबण लावलात?" मी छाती फुगवून म्हणतोय, "अगं आपलाच! ओळखला नाहीस?" ती खाली बघून म्हणाली, "बाबा, जरा बाहेर बसता का? इथे दुसरा कुठलाच वास चालत नाही."

बाहेर! मी! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

बाहेर बाकडं होतं. बाकड्याखाली मळ्यातला कुत्रा झोपलेला. मी बसलो, तर तो उठला, दोनदा शिंकला आणि लांब जाऊन झोपला. आता कुत्र्यावर रागावून करता काय?

काचेतून आतलं दिसत होतं. घोट घ्यायचा, तोंडात खळबळवायचा आणि बादलीत थुंकायचा! एवढी महागाची वस्तू! दार उघडं होतं, बोलणं ऐकू येत होतं. एक म्हणतो, "ओली माती." दुसरा म्हणतो, "जुनं चामडं." तिसरा म्हणतो, "पेन्सिलीचा भुसा." अरे, हे सगळं जर त्यात आहे तर द्राक्ष कुठे गेलं? मी एकटाच हसत होतो... आणि मग पोरीची पाळी आली.

तिने डोळे मिटले. मान जराशी डावीकडे कलवली. आणि तुम्हाला सांगतो, माझं हसू जे थांबलं...

अहो, ही मान मी शिकवलेली! सहा वर्षांची होती. कारखान्यातून येताना मी खिशातून साबणाचे तुकडे आणायचो, तिला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसवायचो, तिचे डोळे झाकायचो आणि एकेक तुकडा नाकाखाली धरायचो. "ओळख!" "लिंबू! नाही, नाही बाबा, थांबा... लिंबाचं पान!" आणि पान असायचं हो! आमची ही ओरडायची, "अहो, अभ्यास घ्या तिचा, हा काय खेळ!" मी म्हणायचो, "अगं, नाक बघ पोरीचं, हे नाक तिला कुठल्या कुठे नेईल!" नेलं की! मीच बोललो, मीच शिकवलं, आणि त्या नाकाने तिला नेलं ते असं नेलं, की आता बापाच्याच अंगाचा वास तिच्या कामात आड येतो. काचेच्या अलीकडे बसून रडलो मी. चांगला रडलो. लपवायचं काय त्यात? समोर समुद्र, मागे डोंगर, जंगलातून वारा येतोय... निसर्ग छान आहे, नाही म्हणत नाही मी.

दुपारी ती येऊन शेजारी बसली. "रागावलात?" "छे!" म्हटलं. म्हटलं, हीच वेळ, आता विचारायचं. घसा खाकरला. "काय आहे, आमचे साहेब विचारत होते..." "काय?" आणि तिने माझ्याकडे बघितलं. उन्हाने रापलेली, नखांत माती, केस कसेतरी बांधलेले, आणि चेहरा असा, की... अहो, इतकी सुखी मी तिला आमच्या घरात कधी पाहिलीच नव्हती! बाप आहे मी, खोटं कशाला बोलू? शब्द आले होते इथपर्यंत. म्हटलं, "विचारत होते... तुमच्या मुलीचं नाक कसं आहे?"

ती जी हसली! हाताला धरून उठवलं मला, म्हणाली, "चला, एक गंमत दाखवते." जंगलाच्या कडेला, अगदी वरच्या उतारावर घेऊन गेली. नवी खणलेली जमीन. म्हातारीने तेवढा तुकडा पोरीच्या हवाली केलाय. काय लावायचं, कसं करायचं, सगळं तीच ठरवणार. "बाबा, इथली वाइन माझी असेल!" मी म्हटलं, वा! कधी होणार मग? "फळ तीन-चार वर्षांत धरेल. पण खरी चव यायला वीस-पंचवीस वर्षं तरी जायला हवीत." पंचवीस! किती सहज म्हणाली! मी मनातल्या मनात माझं वय मिळवून बघितलं.

सगळी रोपं लावून झाली होती. रोपं कसली, वाळक्या काड्या, खाली मुळांची दाढी! एकच काडी बाजूला ठेवलेली. म्हणाली, "ही तुमच्यासाठी ठेवलीय. शेवटचं रोप तुम्ही लावा, बाबा." खड्ड्यात काडी धरली, मुळं पसरली, माती लोटली. मी उठायला लागलो, तर म्हणते कशी, "असं नाही हो, आता पायाने दाबा. नीट, अगदी घट्ट! आत हवा राहिली तर मूळ धरत नाही ते."

रात्री हिचा फोन. "विचारलंत?" म्हटलं, नाही विचारलं. "अहो, मग केलंत तरी काय तिथे जाऊन?"

काय सांगू हिला? पोरीला घरी आणायला गेलो होतो... आणि स्वतःच्या दोन्ही पायांनी माती घट्ट दाबून आलो.