शिल्लक रजा

“लग्नाला आठ दिस रजा काढलीस, ती लय महागात पडली बघ,” मामंजी ओसरीवर ह्यांना सांगत होते. मी आत चहा गाळत होते, आणि तुम्हाला सांगते, लग्न माझंच होतं.

हे सांगलीला कारखान्यात कारकून. दिवाळीला घरी येताना पगार, बोनस आणि न घेतलेल्या रजेचे पैसे एकदमच घेऊन आले. पगार मामंजींना कळला. बोनस म्हणजे मालकानं दिलेली दिवाळी, तेही पटलं. रजेच्या पैशांपाशी मात्र ते अडले.

“म्हंजी तू घरी आला न्हाईस, त्याचं पैसं?”

“आबा, रजा आपल्या हक्काची असती. न्हाई घेतली, तर कारखाना तिचं पैसं देतो.”

“मग फुडल्या साली येऊच नगंस की!”

तेवढ्यात आटपाडीहून माझा भाऊ मला माहेरी न्यायला आला. मी नवी सून, म्हणून आषाढात आणि नागपंचमीलाही तो न्यायला आला होता. दोन्ही वेळा मामंजींनी त्याला चहा पाजून एकटाच परत पाठवला होता. आताही म्हणाले, “सणाची कामं हायती रं गड्या. फुडल्या खेपंला बघू.”

तोवर मी मामंजींसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. कपबशी त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, “आवं मामंजी, माझी आषाढाची अन् पंचमीची रजा शिल्लक हाय. तिचं पैसं देताय, का गाडी जुंपायला सांगू?”