बांधावरची भिंत

शाहनवाज : वर नको मॅडम, इथं बुडाशी हात लावा. ओल लागतेय की नाय?

ज्योत्स्ना : लागतेय. पण तुम्ही पलीकडचे. तुम्ही इकडं आलात हे आमच्या मालकांना, सयाजीरावांना कळलं ना—

शाहनवाज : आणि सावळेरामशेठनं बघितलं तर ते मला हाकलतील. म्हणून तर जेवणाच्या सुट्टीत आलो. मी शाहनवाज, जुन्नरचा. पलीकडची खोदाई माझी. पोकलेन माझं, ड्रायव्हर माझा.

ज्योत्स्ना : आवाजानं ओळखते तुम्हाला. दिवसभर ओरडत असता.

शाहनवाज : मशीनपुढं ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाय. तुम्ही इथल्या इंजिनिअर ना? मग तुम्हालाच सांगतो. भिंतीला पोट सुटलंय. तुमच्या बाजूनं दिसायचं नाय. माझ्या खड्ड्यात उतरून वर बघितलं की दिसतं. तुम्ही स्लॅबवर पाणी मारता, ते सगळं उतरून हिच्या बुडाशी मुरतंय.

ज्योत्स्ना : नव्या स्लॅबला पाणी नको मारू तर काय करू? तडकेल तो. आणि तुम्ही भिंतीला खेटून दोन पुरुष खोल खड्डा घेतलाय, त्याचं काय? माती तुम्ही काढायची आणि दोष माझ्या पाण्याला?

शाहनवाज : दोघांचा आहे. भांडायला नाय आलो. नुसत्या माझ्या खड्ड्यानं ही पडणार नाय, नुसत्या तुमच्या पाण्यानं पण नाय. दोन्ही एकदम चाललंय, त्याची भीती वाटते.

ज्योत्स्ना : पाया कितीसा असेल हिला?

शाहनवाज : कसला पाया! वाटणी झाली तेव्हा भावाभावांनी इरेला पेटून उभी केलीय ही. मंचरात कुणालाही विचारा. तुमचे सयाजीराव आणि आमचे शेठ, एका आईची पोरं. पण बांधावर चार बोटं जागा कुणाची, यावरून तोंडं फिरली ती फिरलीच. रागाच्या भरात बांधलेल्या भिंतीला कोण पाया खणत बसतो?

ज्योत्स्ना : मी जॉइन झाले त्या दिवशी सयाजीरावांनी पहिलं वाक्य काय सांगितलं असेल? पलीकडच्यांशी बोलायचं नाही. मला वाटलं, माणूस गंमत करतोय.

शाहनवाज : आम्हाला पण तोच हुकूम. आता नीट ऐका. मी भिंतीला लागून मातीचा पट्टा सोडलाय, बैलगाडी जाईल एवढा. आज ही भिंत उभी आहे ती त्या पट्ट्याच्या जिवावर. शेठ रोज मागं लागतात, तो पण काढ, तळमजल्यात गाड्यांना जागा कमी पडतेय. मी उद्या करतो, परवा करतो, असं ढकलत आणलंय. पण भिंतीला पाठ लावून या पत्र्याच्या खोल्या! कुणी बांधल्या इथं?

ज्योत्स्ना : आमच्या मजुरांनी. हीच जागा पाहिजे म्हणाले. गोजरमावशी! इकडं या जरा.

गोजरबाई : काय गं बाई? अन् हे पावणं कोन?

ज्योत्स्ना : पलीकडच्या खोदाईचे शाहनवाजभाई. भिंतीला धोका आहे म्हणतायत. तुम्ही सगळ्यांनी थोडे दिवस पार्किंगमध्ये राहायला जा. वर स्लॅब आहे, ऊन-वारा लागणार नाही.

गोजरबाई : तितं? चारी अंगांनी उगडं, अन् मागं ह्यो ऊस. त्या पोल्ट्रीवाल्याचं कुत्रं उचललं बिबट्यानं, तुला ठावं न्हाई? आमी तळेघरच्या वरची मानसं, रानातच वाढलो. पर आमच्याकडं बी त्यो असा दाराशी येत न्हाई. हितं भिताडाला पाठ लावून निजलं म्हंजी येक अंग तरी राखलं जातं.

शाहनवाज : मावशी, बिबट्या आला तर तुम्ही ओरडाल, पळाल. ही भिंत ओरडायला वेळ देणार नाय.

गोजरबाई : मंग तुमी खनायचं थांबवा की भाऊ.

शाहनवाज : तेवढं माझ्या हातात असतं तर चोरासारखा इथं आलो असतो का?

गोजरबाई : बाई, तू सांग. मला हे मशीनचं काय कळत न्हाई. दीर, जाव, पुतन्या, समदी माज्या भरवशावर डोंगर उतरून आल्यात. तू म्हनशील ते करीन.

ज्योत्स्ना : हलवा, मावशी. पार्किंगला मी बाजूंनी पत्रे ठोकून देते. रात्रभर दिवा चालू ठेवू. आणि शाहनवाजभाई, पाणी मी आजच रस्त्याच्या गटाराकडं वळवते. पण तुमचा तो पट्टा—

शाहनवाज : मी आहे तोवर त्याला मशीनचा दात लागणार नाय. अल्लाशप्पथ.

ज्योत्स्ना : काही बदललं तर मला लगेच फोन करायचा. आणि इकडं काही झालं तर मी करीन. मालक बोलत नाहीत तर नसू देत, आपण बोलू.

शाहनवाज : नंबर द्या. नाव?

ज्योत्स्ना : ज्योत्स्ना.

शाहनवाज : 'टेम्पोवाला' म्हणून घालतो. शेठला दुसऱ्याचा फोन बघायची सवय आहे.

* * *

शाहनवाज : हॅलो, ज्योत्स्नाताई? कुठं आहात?

ज्योत्स्ना : गावी, निरगुडसरला. रविवार ना आज. विहारात आले होते, वंदना झाली, आत्ताच बाहेर पडतेय. तुमचा आवाज असा का येतोय?

शाहनवाज : पळतोय. ताई, शेठनं मला काल कामावरून काढलं. पट्टा काढणार नाय म्हणून तोंडावर सांगितलं, तर म्हणाले, उचल तुझं मशीन.

ज्योत्स्ना : मग काल का नाही सांगितलंत?

शाहनवाज : वाटलं, माझं मशीन निघालं म्हणजे काम बंद पडलं. ऐन हंगामात दुसरं मशीन लगेच कुठलं मिळायला? आत्ता मोटरसायकलवरून चाललो होतो, तर आत पोकलेन फिरताना दिसलं. रातोरात आणलंय कुठून तरी. पट्टा निम्म्याच्या वर गेलाय.

ज्योत्स्ना : थांबवा त्याला!

शाहनवाज : हात जोडून झाले. ड्रायव्हर परका आहे, म्हणतो शेठला विचारा. शेठ फोन उचलत नाय. आता तुमच्या सयाजीरावांना तरी लावा.

ज्योत्स्ना : ते काय ऐकणार? कालच माझ्यावर डाफरले. म्हणाले, पत्रे काय मजुरांना पडदे लावायला आणलेत का? माझ्या वडिलांच्या जागेतली भिंत, ती काय तुझ्या सांगण्यानं पडणार? पण लोक तरी पार्किंगमध्ये आहेत. तेवढं एक बरं झालं.

शाहनवाज : ताई...

ज्योत्स्ना : काय?

शाहनवाज : भिंतीच्या मागून धूर निघतोय. चुलीचा.

ज्योत्स्ना : नाही हो. मी मावशींना म्हटलं होतं, मी सोमवारी येईपर्यंत पार्किंगमध्येच थांबा.

शाहनवाज : चुलीचाच आहे. तुम्ही त्यांना फोन लावा. मी रस्त्यानं वळसा घालून तुमच्या गेटकडं पळतो. लावा लवकर!

ज्योत्स्ना : हॅलो! मावशी, कुठं आहात तुम्ही?

गोजरबाई : हितंच की. भाकरी थापतीया. आज सुट्टी, समदी आरामात हायेत.

ज्योत्स्ना : हितं म्हणजे कुठं? भिंतीपाशी?

गोजरबाई : रागावू नको गं बाई. काल सांच्याला मालकाच्या मानसांनी पत्रं काढून न्हेलं. रातभर उसात काय तरी फिरत व्हतं. कुनाच्या डोळ्याला डोळा लागला न्हाई. पोरी रडाया लागल्या. मंग उजाडल्यावं आलो परत आमच्या खोल्यांत.

ज्योत्स्ना : मावशी, आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. सगळ्यांना घेऊन रस्त्यावर जा. चूल, भांडी, सगळं तसंच राहू दे. पलीकडून भिंतीची माती काढतायत.

गोजरबाई : आं? तरीच मगाधरनं वरून खडं गळत्यात. मला वाटलं, खार हाये. — ए, उटा रं! भागुजी, उट! आंथरून ऱ्हाऊ दे, पोरींना घे! चला, रस्त्याला चला!

ज्योत्स्ना : फोन बंद करू नका. निघाले का सगळे?

गोजरबाई : निगाले. ह्यो आला, पोरी आल्या... आगं द्रौपदा कुडं हाये?

ज्योत्स्ना : कोण राहिलंय?

गोजरबाई : माजी जाव, भागुजीची बायकू. न्हायला गेलीया. खोलीच्या अन् भिताडाच्या मदी आडोसा केलाय न्हवं, तितं. — द्रौपदे! ये भाईर! — आले म्हनती. साडी गुंडाळती म्हनती.

ज्योत्स्ना : तशीच ये म्हणावं!

गोजरबाई : तशीच ये गं! कोन बगत न्हाई तुला! भागुजी, तू नको जाऊ तिकडं, थांब! आगं द्रौपदे, तशीच—

(फोन चालूच राहतो. पलीकडून भिंत कोसळल्याचा आवाज येतो.)

* * *

शाहनवाज : पाणी प्या थोडं, ताई. तुम्ही आल्यापासून नुसत्या उभ्या आहात.

ज्योत्स्ना : मावशी कुठं आहेत?

शाहनवाज : आत. डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेमच्या कागदावर अंगठा घ्यायला बोलावलंय. भागुजी त्या बाकावर बसलाय, बघा. मी पोचलो तेव्हा तो एकटाच विटा उपसत होता. मग दोघांनी उपसल्या. साडी हाताला लागली आधी. अंगावर नीट गुंडाळलेली होती हो.

ज्योत्स्ना : नका सांगू.

शाहनवाज : नाय सांगत.

ज्योत्स्ना : ती गेटजवळची पांढरी गाडी. तुमच्या शेठची ना?

शाहनवाज : त्यांचीच. शेजारी कोण बसलंय, बघितलं?

ज्योत्स्ना : सयाजीराव. आत येताना मला बोलावलं होतं दोघांनी. गाडीत एका थर्मासमधला चहा पीत होते. सयाजीराव म्हणाले, पोलिसांनी विचारलं तर सांग, आम्ही मजुरांना दुसरीकडं जागा दिली होती, ते आपल्या मर्जीनं परत गेले. तेवढ्यात तुमचे शेठ म्हणाले, आणि माती कुणी काढली नाही, परवाच्या पावसानं ढासळली. एक थांबला की दुसरा पुढचं बोलायचा. कधी अबोला होता असं वाटलंच नाही.

शाहनवाज : माझ्याशी पण गोड बोलले. म्हणाले, झालं गेलं सोड. पुढची खोदाई तुझीच, दोन्ही प्लॉटची.

ज्योत्स्ना : तुम्ही काय म्हणालात?

शाहनवाज : मान हलवली. हो म्हणून नाय, नाय म्हणून पण नाय. नुसतीच हलवली. ताई, जुन्नर-आंबेगावात माझं सगळं काम. यांच्याविरुद्ध तोंड उघडलं तर उद्या मला कोण दारात उभं करणार? तुम्ही काय सांगितलंत?

ज्योत्स्ना : म्हटलं, मला जे माहीत आहे ते सांगीन. सयाजीराव म्हणाले, पोरी, तुझी पहिलीच नोकरी आहे. म्हटलं, होती.

शाहनवाज : पण तुम्हाला माहीत आहे ते इकडचंच. पत्रे काढले, पाणी मुरलं. त्या पट्ट्याचं काय? तुम्ही खड्ड्यात कधी उतरला नाहीत. ते म्हणणार, पाऊस. म्हणतीलच.

ज्योत्स्ना : मग कोण सांगणार?

शाहनवाज : मलाच सांगायला पाहिजे. दुसरं कोण आहे?

ज्योत्स्ना : सांगाल?

शाहनवाज : आत्ता चला. उद्यावर ठेवलं तर माझा मला भरवसा नाय.

ज्योत्स्ना : थांबा. मावशी आल्या.

गोजरबाई : आलीस व्हय बाई. बरं झालं.

ज्योत्स्ना : मावशी, मी तुम्हाला सोमवारपर्यंत...

गोजरबाई : ते ऱ्हाऊ दे आता. भागुजी इचारीत व्हता, शेवटी काय बोलली ती. म्या सांगितलं, तुजं नाव घेतलं. खरं म्हंजी साडीचंच बोलली. भाऊ, ते गाडीतलं दोगं मला बी हाका मारीत व्हते. म्या गेले न्हाई.

शाहनवाज : बरं केलंत. आम्ही दोघं पोलिसांत जाऊन जबाब देतो. तुम्ही त्यांच्या कुठल्याच कागदावर अंगठा देऊ नका. आता तिच्या माहेरी कुणाला कळवायचं?

गोजरबाई : आई हाये. तळेघरच्या पल्याड, वरल्या वाडीत. तितं फोन लागत न्हाई. यष्टी बी गेली शेवटची.

शाहनवाज : मित्राची जीप मागवतो. तळेघरपर्यंत मी सोडतो.

गोजरबाई : सोडा. फुडं पायवाट हाये, चढनीची.

ज्योत्स्ना : मी येते तुमच्याबरोबर.

गोजरबाई : ये. पर चालताना माज्याशी बोलू नको काय. म्हातारीला कसं सांगायचं, ते मला मनात जुळवू दे.